टाचणवहीचा वाचक कोण?
कुपवाडच्या प्राथमिक शाळांतील गणिताच्या पाठनियोजनाचे एक वाचन

१

मराठीत सर्वाधिक लिहिला जाणारा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा गद्यप्रकार कोणता, असे कुणी विचारले तर ‘पाठटाचण’ असे उत्तर मी देईन. जून महिन्यात वार्षिक नियोजन, त्यातून मासिक नियोजन, त्यातून घटक नियोजन आणि त्यातून रोजचे टाचण अशी ही उतरंड असते. तारीख, इयत्ता, विषय, घटक, उपघटक, उद्दिष्ट, शैक्षणिक साहित्य, अध्ययन अनुभव, मूल्यमापन, असे आडवे-उभे रकाने भरले जातात. मुख्याध्यापक खाली सही करतात, केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी आले तर तेही चाळतात. वर्ष संपले की वही कपाटात जाते आणि पुढे रद्दीत. शिक्षकाने तीस-पस्तीस वर्षे नोकरी केली तर एवढ्या मजकुराचा एक लहानसा ग्रंथसंग्रह व्हावा. पण निवृत्तीच्या दिवशी कुणी शिक्षक आपल्या टाचणवह्या घरी घेऊन गेल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

गेल्या दोन वर्षांत कुपवाड परिसरातल्या काही परिचित शिक्षक-शिक्षिकांनी मला त्यांच्या गणिताच्या टाचणवह्या वाचायला दिल्या. त्यांची नावे आणि शाळा येथे देत नाही. तसे मी त्यांना कबूल केले आहे. हे सर्वेक्षण नव्हे, आणि टक्केवारी मांडण्याइतक्या वह्याही माझ्याजवळ नाहीत. माझे शिक्षण साहित्याचे. त्यामुळे कथा-कादंबरीला आपण जे प्रश्न विचारतो तेच मी या वह्यांना विचारले. येथे कोण बोलते आहे? कुणाशी बोलते आहे? काय सांगितले आहे आणि काय गाळले आहे? या प्रश्नांनी ही वही उघडली की एक गोष्ट लगेच दिसते. ही वही ज्याच्यासाठी लिहिली आहे असे तिच्या मुखपृष्ठावरून वाटते, त्याच्यासाठी ती लिहिलेली नाही.

कुपवाडच का, हेही सांगायला हवे. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. तिच्या लांबलचक नावात कुपवाड शेवटी येते आणि चर्चेत तर बहुधा येतच नाही. सांगलीला हळदपेठ आणि नाट्यपंढरी, मिरजेला सतारी-तंबोरे आणि दवाखाने; कुपवाडची ओळख औद्योगिक वसाहतीची. कारखान्यांच्या पाळ्यांवर येथली घरे चालतात. कर्नाटकची हद्द जवळ असल्याने कानडी बोलणारी कुटुंबे जुनी आहेत, उर्दू बोलणारी आहेत, आणि कामासाठी उत्तरेकडून आलेली हिंदी-भोजपुरी बोलणारी कुटुंबेही आहेत. मराठी माध्यमाच्या दुसरीच्या वर्गात एकाच बाकावर तीन भाषांत मोजणारी मुले बसलेली असू शकतात. गणिताचा पाठ कसा योजावा, हा प्रश्न कसाला लावण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

२

टाचणाची भाषा वाचणे हे जमिनीचे थर वाचण्यासारखे आहे. जुन्या शिक्षकांच्या बोलण्यात अजून ‘हेतुकथन’ हा शब्द येतो. तो हर्बार्टच्या पंचपदीतला. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट १८४१ मध्ये वारला. त्याच्या विचारांना पायऱ्यांचे पक्के रूप दिले ते त्याच्या अनुयायांनी. अध्यापक विद्यालयांतून ही पंचपदी आपल्याकडे इतकी रुजली की ‘प्रस्तावना’ आणि ‘उपयोजन’ ही दोन टोके नसलेला पाठ पिढ्यान्‌पिढ्या अपुरा मानला गेला. त्यावर ‘उद्दिष्टे व स्पष्टीकरणे’ हा थर बसला. तो ब्लूमच्या १९५६ च्या वर्गीकरणाचा. १९९१ मध्ये दवे समितीने किमान अध्ययन पातळ्या ठरवल्या, १९९५ चा आपला प्राथमिक अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित झाला, आणि टाचणात क्षमतांचे क्रमांक आले. २००५ च्या राष्ट्रीय आराखड्यानंतर ‘ज्ञानरचनावाद’ आला, २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, २०१७ मध्ये ‘अध्ययन निष्पत्ती’ आल्या. २०२१ पासून ‘निपुण’ हा शब्द आहे.

एवढे थर साचूनही वाक्याची ठेवण बदललेली नाही, हे मला विलक्षण वाटले. आधी ‘विद्यार्थ्यांस दोन अंकी संख्यांचे ज्ञान करून देणे’ असे लिहीत, मग ‘विद्यार्थी दोन अंकी संख्यांचे वाचन करतो’ असे लिहू लागले. क्रियापदाचा कर्ता शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे गेला. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने ही मोठी क्रांती. पण हा विद्यार्थी कोण? तो नेहमी एकवचनी आहे, नेहमी वर्तमानकाळात आहे आणि नेहमी यशस्वी आहे. तो वाचतो, लिहितो, ओळखतो, तुलना करतो. तो कधी अडखळत नाही, चुकत नाही, शेजाऱ्याच्या पाटीत डोकावत नाही. टाचणातल्या या मुलाइतके निर्जीव पात्र मराठी गद्यात दुसरे शोधावे लागेल.

साताऱ्याजवळच्या कुमठे बीटचे उदाहरण येथे आठवते. तेथल्या जिल्हा परिषद शाळांनी दहा-बारा वर्षांपूर्वी मुलांना साहित्य हाताळत, गटात बसून शिकू देण्याची पद्धत मनापासून राबवली. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले, आणि २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयामागेही अशा शाळांचा अनुभव होता. पण पाहून परतलेल्यांपैकी पुष्कळांनी बरोबर आणले ते फरशीवर रंगवलेले तक्ते. शंभरपर्यंतच्या संख्यांचा चौकट-तक्ता वर्गाच्या जमिनीवर आला आणि टाचणात ‘साहित्य : फरशीवरील तक्ता’ अशी ओळ आली. मूल त्या तक्त्यावर कुठे उभे राहील, चौथ्या ओळीतून पाचवीत उतरताना काय म्हणेल आणि तेव्हा बाईंनी काय विचारायचे, हे मात्र आले नाही. रंग आणता येतो, तसा विचार आणता येत नाही. आणि टाचणाच्या रकान्यांत विचारासाठी जागाच नसेल तर तो आणला तरी ठेवायचा कुठे?

३

शिक्षक खरोखर नियोजन कसे करतात याचा अभ्यास पाश्चात्त्य देशांत १९७० ते १९९० या काळात बराच झाला. त्यापूर्वी राल्फ टायलर यांच्या १९४९ च्या पुस्तकातला सरळ क्रम प्रमाण मानला जाई : आधी उद्दिष्टे, मग अनुभवांची निवड, मग त्यांची मांडणी, शेवटी मूल्यमापन. आपल्या टाचणाचे रकाने अजून याच क्रमाने लागतात. संशोधक प्रत्यक्ष शाळेत जाऊन बसले तेव्हा त्यांना वेगळेच दिसले. शिक्षक उद्दिष्टांपासून सुरुवात करत नाहीत; ते मजकुरापासून आणि कृतीपासून करतात. ‘उद्या भागाकार आहे, मुलांना काय करायला देऊ?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. गेल मॅककचिन यांनी १९८० मध्ये प्राथमिक शिक्षकांच्या नियोजनावर लिहिले. त्यांच्या मते कागदावरची योजना त्रोटक असते. खरी योजना मनात चालते, एखाद्या तालमीसारखी. लिहिलेली योजना आठवणीपुरती, मुख्याध्यापकांनी मागितली म्हणून, किंवा आपण गैरहजर राहिलो तर बदली शिक्षकाच्या हाती काहीतरी असावे म्हणून.

त्याआधी १९७० मध्ये झाहोरिक यांनी एक अस्वस्थ करणारे निरीक्षण मांडले होते. ज्या शिक्षकांना उद्दिष्टे आणि आराखडा आधी दिला होता, ते वर्गात मुलांच्या कल्पनांना कमी प्रतिसाद देताना दिसले. त्यांचे लक्ष आराखड्याकडे होते. याचा अर्थ नियोजन करू नये असा नाही. ज्या नियोजनात मुलाच्या बोलण्याला जागा नसते ते शिक्षकाचे कान बंद करते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

कुपवाडच्या वह्यांत मला या दोन्ही गोष्टी सापडल्या. शाईने भरलेले रकाने एकमेकांसारखे, काही तर शब्दशः सारखे. छापील मार्गदर्शिकेतून किंवा व्हॉट्सअॅपच्या गटावरून उतरवलेले. आणि काही वह्यांच्या समासात, क्वचित मागच्या पानावर, पेन्सिलीने लिहिलेल्या दोन-चार शब्दांच्या नोंदी. ‘काड्या कमी पडल्या.’ ‘शून्याचे उदाहरण उद्या.’ ‘आधी ५१ − ४९ घ्या.’ या नोंदींवर कुणाची सही नाही. त्या कुणाला दाखवण्यासाठी नाहीत. मनातल्या तालमीचे कागदावर सांडलेले तेवढेच थेंब आहेत. माझ्या मते टाचणवहीतले वाङ्मय तेवढेच आहे, बाकीचे दप्तर.

४

आता प्रत्यक्ष गणिताकडे येतो.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात जो वाद झाला तो वाचकांना आठवत असेल. एकवीस ते नव्व्याण्णव या संख्या ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशाही वाचाव्यात, असे पुस्तकाने सुचवले होते. जुनी नावे काढलेली नव्हती. दोन्ही रूपे दिली होती. तरी वर्तमानपत्रांत, दूरचित्रवाणीवर आणि विधिमंडळातही थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते. मराठीत आपण ‘त्रेसष्ट’ म्हणतो तेव्हा एकक आधी उच्चारतो, लिहिताना मात्र दशक आधी लिहितो. त्यात जोडाक्षरांची भर. लहान मूल यात गोंधळते. विरोधकांचे म्हणणे असे की पिढ्यान्‌पिढ्या मुले हे शिकत आली आहेत, भाषेचे सौंदर्य अडचणीसाठी मोडू नये.

दोन्ही बाजूंत तथ्य होते. पण त्या गदारोळात एक प्रश्न कुणीच विचारला नाही : पावणेअकरा वाजता दुसरीच्या वर्गात उभ्या असलेल्या शिक्षिकेने उद्या नेमके काय करायचे? वाद पुस्तक आणि भाषा यांच्यात रंगला. पाठ कुणाच्याच ध्यानात नव्हता.

कुपवाडच्या त्या बाकाकडे पाहा. मराठी घरातले मूल ‘त्रेसष्ट’ ऐकते आणि ३६ लिहिते. कानाला तीन आधी ऐकू आले, हाताने तीन आधी लिहिले. हिंदी बोलणाऱ्या घरातले मूल ‘तिरसठ’ म्हणते. त्याची अडचण तीच, शब्द वेगळा. कानडी घरातल्या मुलाला मात्र घरून ‘अरवत्तमूरु’ येते : अरवत्तु म्हणजे साठ, मूरु म्हणजे तीन. त्याची भाषा आणि अंकांची लिपी एकाच दिशेने चालतात. एकवीसला तो ‘इप्पत्तोंदु’ म्हणतो, वीस-एक. एकोणतीस त्याच्यासाठी ‘इप्पत्तोंबत्तु’, वीस-नऊ. मराठी आणि हिंदी मात्र येथे पुढच्या दशकाकडे पाहून एक कमी करतात, एकोणतीस, उनतीस. म्हणजे ज्या मुलाला आपण ‘मराठी कच्चे’ म्हणून मागे बसवतो, तो स्थानिक किमतीच्या बाबतीत बाकावरच्या इतरांच्या एक पाऊल पुढे असू शकतो. महाराष्ट्रात ज्या ‘साठ तीन’ची टिंगल झाली, ते त्याच्या घरचे साधे बोलणे आहे.

आपली भाषा यात एकटी नाही. जर्मनमध्येही त्रेसष्टला ‘तीन आणि साठ’ असेच म्हणतात, आणि तेथल्या मुलांच्या अंक उलटण्याच्या चुकांवर पुष्कळ अभ्यास झाला आहे. अडचण मराठीच्या मागासपणाची नाही; उच्चार आणि लेखन यांच्या उलट दिशांची आहे. मूल नऊ-दहा वर्षांचे होईपर्यंत बहुधा ती मागे पडते. मधल्या काळात ‘याला साधे अंक लिहिता येत नाहीत’ असा शिक्का बसलेले मूल मात्र तो शिक्का घेऊनच पुढच्या वर्गात जाते. गणिताची भीती समीकरणांपासून सुरू होते असे आपण समजतो. कित्येकदा ती ३६ आणि ६३ मध्येच सुरू झालेली असते.

आता या घटकाचे टाचण वाचा. ‘उद्दिष्ट : विद्यार्थी ५१ ते १०० संख्यांचे वाचन व लेखन करतो. साहित्य : दशकाचे गठ्ठे, सुट्या काड्या, अंककार्डे. मूल्यमापन : संख्या वाच, ऐकून लिही.’ यात चूक काहीच नाही. पण ३६ या चुकीच्या उत्तराला, म्हणजे त्या तासातल्या सर्वांत बोलक्या घटनेला, कुठे जागा आहे? तीन घरच्या तीन मोजण्यांना? एका वहीत मला या पानाच्या समासात ‘कानडीत विचारणे’ एवढेच शब्द दिसले. मी त्या बाईंना अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, ‘‘आमच्या वर्गातल्या कानडी मुलांना मी त्यांच्या भाषेत संख्या म्हणायला लावते आणि काड्या मांडायला सांगते. साठचे सहा गठ्ठे आधी, मग तीन सुट्या. बाकीची मुलं बघतात. मग विचारते, आपण मराठीत कुठनं सुरुवात करतो?’’ पुस्तकाच्या वादात जे दोन तट एकमेकांशी बोलू शकले नाहीत, त्यांचा समझोता या बाईंनी आपल्या वर्गात परस्पर करून टाकला होता. त्यांच्या टाचणात तो दोन शब्दांपुरता आहे. तपासणीच्या वेळी कुणी त्याबद्दल विचारले का, असे मी विचारले. त्या हसल्या.

५

‘आधी ५१ − ४९ घ्या’ या नोंदीचा उलगडा मला बऱ्याच उशिरा झाला. दशक सुटा करून करायच्या वजाबाकीत मुलांची ठरलेली चूक असते : वरचा अंक लहान असला तरी मोठ्यातून लहान वजा करायचा. ५२ − २७ दिले की ३५ येतात. पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच. मुलाला ३५ हे उत्तर चुकीचे वाटण्याचे काही कारण नसते. दिसायला ते व्यवस्थितच असते. शिक्षक म्हणतात ‘चूक’, आणि मूल ती मान्य करते ती केवळ शिक्षकांनी सांगितले म्हणून.

५१ − ४९ मात्र वेगळे आहे. त्याच चुकीच्या रीतीने येथे १८ येतात. पण एकोणपन्नास, पन्नास, एकावन्न असे बोटांवर मोजले तर फरक दोनच. १८ आणि २ समोरासमोर आले की चूक शिक्षकाला सांगावी लागत नाही. ती मुलालाच दिसते आणि त्याच्या मनात भांडण सुरू होते. त्यानंतर दशकाचा गठ्ठा सोडण्याला अर्थ येतो. पाठाचे सारे नियोजन या एका उदाहरणाच्या निवडीत आहे. ‘विद्यार्थी दोन अंकी संख्यांची वजाबाकी करतो’ या उद्दिष्टात ५२ − २७ ही बसते आणि ५१ − ४९ ही. रकान्याला दोन्ही सारखी. शिक्षिकेला सारखी नाहीत.

यात घरचा एक धागाही येतो. आपल्याकडच्या जुन्या पिढीची वजाबाकी निराळी होती : वर दहा मिळवायचे आणि ‘हातचा एक’ खालच्या दशकात मिळवून परत करायचा. उत्तर बरोबर येते, रीत वेगळी. संध्याकाळी आजोबा ती शिकवतात, सकाळी शाळा दशक सुटा करायला सांगते, आणि मूल दोन्ही एकाच गणितात करून बसते. अनुभवी शिक्षकाला हे ठाऊक असते. टाचणाला ते ठाऊक नसते.

अपूर्णांकांकडे वळलो तर आपल्या भाषेची श्रीमंती समोर येते. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढे घोकून घेत. साडेतीनच्या पाढ्याला स्वतंत्र नाव असणाऱ्या समाजाला अपूर्णांक परके नव्हते. ते पाढे गेले, पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द दुकानात, दूधवाल्याकडे, घड्याळात जिवंत आहेत. कुपवाडमधल्या चौथीच्या मुलाला अर्धा किलो आणि पाव किलो मिळून पाऊण किलो होते हे किराणा आणून आणून ठाऊक असते. तेच मूल वहीत एक छेद दोन अधिक एक छेद चार यांचे उत्तर दोन छेद सहा लिहिते. वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि चार सहा. दोन छेद सहा म्हणजे एक तृतीयांश, म्हणजे अर्ध्याहूनही कमी. अर्ध्यात पाव मिसळल्यावर अर्ध्याहून कमी कसे होईल? हा प्रश्न विचारला की मूल स्वतःच हसते. पण विचारायचा तर ‘पाऊण’ हा शब्द पाठाच्या सुरुवातीलाच यायला हवा. मी वाचलेल्या टाचणांत ‘साहित्य’ या रकान्यात कागदाच्या पट्ट्या आहेत, गोलाचे तुकडे आहेत. मुलाच्या तोंडातला शब्द कुठेच नाही. शब्द हे शैक्षणिक साहित्य आहे, हे आम्हा भाषेच्या लोकांनी तरी सांगायला हवे होते.

लिपिंग मा यांच्या १९९९ च्या प्रसिद्ध पुस्तकात २३ अमेरिकन आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांना विचारलेला एक प्रश्न आहे : एक पूर्णांक तीन चतुर्थांश भागिले एक द्वितीयांश. अनेक अमेरिकन शिक्षकांना त्यावर गोष्टरूप उदाहरण रचता आले नाही. अर्ध्याने भागणे आणि दोघांत निम्मे-निम्मे वाटणे यांत त्यांची गल्लत झाली. मराठीत हा प्रश्न मांडून पाहा. पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या मापाने मोजले, तर किती मापे? साडेतीन. ज्या गणितावर प्रशिक्षित शिक्षक अडले, ते आपल्या दूधवाल्याच्या तोंडी असते. मा यांचा मुद्दा मात्र भाषेचा नव्हता. चिनी शिक्षकांचे शालेय शिक्षण वर्षांनी कमी होते, तरी ते पाठ्यपुस्तकाचा बारकाईने अभ्यास करत, सहकाऱ्यांशी त्यावर बोलत, आणि एक घटक दुसऱ्या कोणत्या घटकांशी बांधला आहे याचा नकाशा त्यांच्या मनात असे. त्यांचे नियोजन हा त्यांचा स्वाध्याय होता. आपल्याकडे नियोजन हा अहवाल झाला आहे, आणि तोही घटना घडण्याआधी लिहिलेला.

६

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. बाहेरून आलेल्या समीक्षकाने शिक्षकांना आणखी लिहायला सांगू नये. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक दोन-तीन इयत्ता एकाच वेळी सांभाळतो. मतदार याद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी हे सगळे त्याच्याच माथी. अशा वेळी उतरवून काढलेले टाचण हा आळस नसतो. ती बचाव-युक्ती असते. हे मला पूर्ण मान्य आहे. माझी तक्रार शिक्षकांविषयी नाहीच. ती या लेखनप्रकाराविषयी आहे. ज्या मजकुराचा वाचक फक्त तपासनीस असतो, तो मजकूर तपासनिसाला हवा तसाच लिहिला जाणार. लेखक बदलून उपयोग नाही. वाचक बदलायला हवा.

या अदृश्यतेत आपल्या साहित्याचाही वाटा आहे. याच सांगली जिल्ह्यातल्या माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. एकशिक्षकी शाळेवर आलेला तरुण मास्तर हा तिचा निवेदक. तो वाडीचे अर्ज लिहितो, तंटे ऐकतो, लोकांना जमवून तालीम बांधतो. कादंबरी थोर आहे आणि तिचा विषय वाडी आहे, शाळा नव्हे. तिच्याकडून दुसरे काही मागणे योग्य नाही. पण पुढेही मराठी कथेने शिक्षकाचा त्याग रंगवला, दारिद्र्य रंगवले, विक्षिप्तपणा आणि माया रंगवली. उद्याच्या वजाबाकीसाठी कोणते उदाहरण घ्यावे म्हणून रात्री अंथरुणावर विचार करणारा मास्तर मला तरी मराठी साहित्यात फारसा भेटला नाही. शिक्षकाचे मन चांगले असते असे आपण हजारदा लिहिले. त्याला बुद्धी लागते, हे लिहायचे राहून गेले.

जपानमध्ये ‘पाठ-अभ्यास’ नावाची दीर्घ परंपरा आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ योजतात, एक जण शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलांकडे पाहतात, आणि नंतर सारे बसून त्यावर बोलतात. त्या योजनेच्या कागदावर एक रकाना असतो जो आपल्याकडे नाही : मुलांच्या अपेक्षित प्रतिक्रिया. बरोबर आणि चूक, दोन्ही. शिक्षक आधीच लिहून ठेवतो की येथे काही मुले १८ म्हणतील, काही २ म्हणतील, आणि १८ म्हणणाऱ्याला मी अमुक विचारीन. त्या योजनेचा वाचक शेजारच्या वर्गावरचा शिक्षक असतो.

हे आपल्याला अगदीच परके नाही. केंद्रपातळीवर आपल्याकडे शिक्षण परिषदा होतात. पूर्वीच्या गटसंमेलनांत ‘आदर्श पाठ’ घेत असत. अडचण ‘आदर्श’ या शब्दात आहे. आदर्श पाठात मुले आधीच निवडलेली, उत्तरे आधीच पाठ झालेली. त्यात फसण्याला मुभा नसते, म्हणून शिकण्यासारखेही फार उरत नाही. त्याऐवजी महिन्यातून एकदा प्रत्येकाने आपल्या वर्गातले एक चुकीचे उत्तर घेऊन यावे, एवढा नियम केला तर? ३६ कसे आले, १८ कसे आले, दोन छेद सहा कसे आले, आणि तुम्ही पुढे काय विचारले? यासाठी नवे प्रपत्र नको, नवे ॲप तर नकोच.

आणि टाचणात बदल करायचाच असेल तर रकाने वाढवू नयेत, कमी करावेत. उद्दिष्टे अभ्यासक्रमात छापलेली आहेत, निष्पत्ती भिंतीवर लावलेल्या आहेत. त्या रोज हाताने उतरवण्याने कुणाचेच ज्ञान वाढत नाही. तेवढी जागा मोकळी केली तर तीन ओळी लिहायला वेळ मिळेल. उद्या मी कोणते उदाहरण देणार आणि तेच का? मुले काय म्हणतील? आज काय म्हणाली? शेवटची ओळ पाठ झाल्यानंतरची, म्हणजे खरी नोंद. अशी वही वर्षाच्या शेवटी रद्दीत जाणार नाही. पुढच्या जूनमध्ये त्या वर्गावर येणारी नवी शिक्षिका ती मागून घेईल. आणि जिला ती मागून घ्यावीशी वाटते, ती तिची खरी वाचक.

कानडी मुलाकडून ‘अरवत्तमूरु’ म्हणवून घेणाऱ्या त्या बाईंना निवृत्तीला आता थोडीच वर्षे उरली आहेत. त्यांच्या वहीत तारखा आहेत, सह्या आहेत, निष्पत्तींचे क्रमांक आहेत. त्यांना जे समजले आहे ते समासातल्या दोन शब्दांत आहे, आणि त्या दोन शब्दांचा अर्थ सांगायला त्या स्वतः हजर असाव्या लागतात. आपल्या प्राथमिक शिक्षणातली मोठी गळती मला येथे दिसते. शाळा सोडणाऱ्या मुलांची गळती आपण मोजतो. दर वर्षी ३१ मेला निवृत्त होऊन घरी जाणारे हे शहाणपण मात्र कुठल्याच तक्त्यात येत नाही. ते समासातून पानावर यावे, यासाठी कुणीतरी ते वाचणार आहे एवढी खात्री लिहिणाऱ्याला मिळाली, तरी सुरुवातीला पुरे.